घरची थैली

प्रथम तारखा. कॅलेंडरवरचे आकडे ज्यांना हवे असतील त्यांनी कंपनीची आवक-जावक नोंदवही मागवावी. तिच्यातील बहुतेक ओळी माझ्याच अक्षरात आहेत. येथे मी सण आणि वार देतो, कारण आमच्याकडची माणसे तेच लक्षात ठेवतात.

अक्षय तृतीयेच्या आधीचा गुरुवार. प्रयोगशाळेत सोयाबीनच्या शंभर दाण्यांपैकी एकेचाळीस उगवले. जबाबदार: सोयाबीन. किमान सत्तर उगवावे असा नियम असताना त्याने कामात कुचराई केली.

लगेच दुसरा दिवस, शुक्रवार. त्याच मालाची फेरचाचणी होऊन शंभरांपैकी एक्क्याऐंशी दाणे उगवल्याची नोंद झाली. जबाबदार: व्यवस्थापक, आणि ज्यांच्या मर्जीकडे पाहून व्यवस्थापक श्वास घेतात ते अध्यक्ष.

तोच शुक्रवार, दुपार. थैल्यांना लावायच्या लेबलांवर एक्क्याऐंशी हा आकडा छापावा असे पत्र छापखान्याकडे गेले. जबाबदार: ते पत्र टाइप करून त्यावर जावक क्रमांक टाकणारा लिपिक. तो मी.

मृग संपता संपता पेरण्या, आणि त्यानंतरच्या दहाव्या दिवशी उघडी पडलेली वावरे. जबाबदार, कंपनीच्या पत्रकानुसार: खोल पेरणारे शेतकरी, कडक पडलेले ऊन आणि दाणे उचलणारी पाखरे. पत्रकाच्या प्रती संबंधितांना पाठवल्या होत्या. पाखरांचा पत्ता उपलब्ध नव्हता.

आखाडातील एक बुधवार. पंचनामा. जबाबदार: सात पंच. त्यांतही मी.

श्रावणातला पहिला सोमवार. प्रयोगशाळेत दाणे मोजणाऱ्या बाईंना निलंबनाची नोटीस. जबाबदार: वरील सर्व, सोयाबीन वगळून.

ही यादी वाचून कोणास वाटेल की हा मनुष्य कंपनीचा जुना वैरी असावा. तसे नाही. रिसोड तालुक्यातील या बियाणे कंपनीचा मी सत्तावीस वर्षांपासूनचा आवक-जावक लिपिक आहे. ‘आहे’ म्हणावे की ‘होतो’, हे हा मजकूर वर्तमानपत्रात छापून आल्यावर ठरेल. तरुणपणी अकोल्याला राहून मी कायद्याची दोन वर्षे पूर्ण केली, तिसरे राहिले. परिणामी मला कायदा पुरता येत नाही, परंतु तो कोठे मोडतो आहे हे मात्र ऐकू येते. पूर्ण वकिलापेक्षा ही अवस्था अधिक त्रासदायक असते, कारण वकिलाला त्याचे शुल्क मिळते. एसटीचा थांबा फाटकापासून लांब का, टपाल शनिवारी का वाटले जात नाही, अशी पत्रे मी आयुष्यभर लिहीत आलो. कंपनीने माझा हा गुण ओळखला आणि मला टेबल दिले.

कंपनीच्या पत्रांत कर्ता नेहमी ‘आम्ही’ असतो. आम्ही आपणांस कळवू इच्छितो, आम्हांस खेद वाटतो, आम्ही आपल्या विश्वासास पात्र राहू. सत्तावीस वर्षे दिवसाला दहा वेळा असे लिहिणाऱ्या माणसाला एक आजार जडतो: त्यात आपणही आहोत असे त्याला वाटू लागते. घरी मी बायकोला ‘आम्ही यंदा नवे वाण आणतो आहोत’ असे सांगत असे, आणि ती विचारी, “तुमी आनून राह्यले का अध्यक्ष?” मला तो प्रश्न अडाणीपणाचा वाटे. गावातही आम्हांला नावाने कोणी हाक मारीत नसे. लग्नात पंगत बसली की यजमान ओरडत, “कंपनीवाले काकाजीले समोर बसवा जी.” आणि कंपनीवाले काकाजी, म्हणजे मी, पहिला गुलाबजाम आपल्या कर्तृत्वाचा समजून खात असे.

या अभिमानाला आमच्याकडे एक विधीही होता. अक्षय तृतीयेला, हंगामाचा पहिला ट्रक भरण्याआधी, गोदामात प्रत्येक कर्मचारी पहिल्या मालातील एक थैली उचलतो. तिला हळदकुंकू लागते, व्यवस्थापक नारळ फोडतात, आणि ती थैली ज्याची त्याने घरी नेऊन आपल्या वावरात पेरायची. तिला ‘घरची थैली’ म्हणतात. कर्मचाऱ्याचे वावर रस्त्यालगत असेल तर कंपनी तेथे आपल्या वाणाच्या नावाचा पत्र्याचा फलकही लावून देते. येणाराजाणारा पाहतो की कंपनीचा माणूस स्वतःच्या जमिनीत तेच पेरतो जे तो आपल्याला विकतो. याहून मोठी हमी कोणती? दुसऱ्या कंपनीचे बियाणे घरात आणणे आमच्यात कोणाच्या स्वप्नातही नव्हते. व्यसन एक वेळ खपले असते.

यंदाच्या घरच्या थैल्यांवरचा आकडा एक्क्याऐंशी होता. तो एका दिवसात कसा आला, हे सांगण्याआधी आमच्या प्रयोगशाळेविषयी सांगितले पाहिजे.

ती एक खोली आहे. तेथे ओल्या कागदावर शंभर दाणे ओळीने मांडतात, कागदाची गुंडाळी करतात आणि दमट कपाटात ठेवतात. आठव्या दिवशी गुंडाळी उलगडून मोजायचे: किती निरोगी उगवले, किती वेडेवाकडे, किती मेले. हे काम वीस वर्षांपासून एक बाई करतात. आल्या तेव्हा दाणे निवडायला रोजंदारीवर आल्या होत्या. मोजणीतला नेमकेपणा पाहून जुन्या साहेबांनी त्यांना आत घेतले. त्यांच्या घरात महिन्याचा पगार आणणारे त्यांच्याआधी कोणी नव्हते. मोजताना त्यांचे ओठ हलतात, आणि तेवढ्या वेळात त्यांच्याशी अध्यक्षही बोलत नसत. गावात कोणी बाजाराचा हिशेब चुकला की म्हणत, “बाईले इचारा, ते दाने मोजते.” त्या वाक्यावर त्यांचे सगळे चालत असे. माझे जसे ‘आम्ही’वर चालत असे तसे.

त्या गुरुवारी मी एका कागदावर सही घ्यायला प्रयोगशाळेत गेलो होतो. व्यवस्थापक तेथेच उभे होते.

“एकेचाळीस,” बाई म्हणाल्या.

“परत मोजा.”

त्यांनी परत मोजले. ओठ हलले, थांबले. “एकेचाळीसच हाये, साहेब.”

“नीट मोजा हो. बत्तीस नंबरचा माल आहे, आपला सगळ्यात मोठा.”

“साहेब, मेलेला दाना किती बी खेपा मोजला तरी तो उठून बसत नाई.”

व्यवस्थापक हसले. मीही हसलो. सही घेतली आणि टेबलाशी परतलो.

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर एक्क्याऐंशीचा आकडा आला. कारण दिले होते: फेरचाचणी. उगवणीला आठ दिवस लागतात हे आमच्या फाटकावरच्या चौकीदारालाही माहीत आहे; या दाण्यांनी रातोरात कार्य उरकले होते. मी ते पत्र टाइप केले, दिनांक टाकला आणि जावक क्रमांक दिला. शंका आली नाही असे मी म्हणणार नाही; शपथेवर खोटे बोलण्याचा माझा कोटा यंदा संपला आहे. शंका आली. मग मी स्वतःला सांगितले की फेरचाचणी आधीपासून चालू असेल, वरच्यांना अधिक ठाऊक असेल, आणि लिपिकाचे काम लिहिण्याचे आहे. सत्तावीस वर्षांचा ‘आम्ही’ अशा वेळी फार उपयोगी पडतो. त्याच्या आत माणूस अंग चोरून बसू शकतो.

मी माझी घरची थैली रस्त्यालगतच्या एकरभर वावरात पेरली. दहाव्या दिवशी बायकोबरोबर वावरात गेलो. तासांमध्ये, म्हणजे पेरणीच्या ओळींत, हातभर रिकामी जागा, मग एक रोप, मग पुन्हा रिकामी जागा. डोक्यावर कंपनीचा नवा कोरा फलक.

“हे तं माह्या मावशीच्या दातावानी दिसून राह्यलं,” बायको म्हणाली.

“पाऊस ओढला म्हणून.”

“शेजारच्या वावरात कायले नाई ओढला मंग? त्याइनं दुसऱ्या कंपनीचं पेरलं.”

कायद्याच्या दोन वर्षांत मला या युक्तिवादाचे उत्तर शिकवले नव्हते.

आता मी जे केले ते बाहेरच्या माणसाला समजणे कठीण आहे. दुसरा कोणीही शेतकरी असता तर त्याने थैली, लेबल आणि पावती घेऊन तक्रार केली असती, जशी गावोगावच्या शेतकऱ्यांनी केलीही. मला तक्रार सुचलीच नाही. मला सुचली ती लाज. रस्त्याने जाणारा फलक वाचील आणि खाली पाहील, एवढे एकच चित्र डोळ्यांपुढे होते. कंपनीने मला फसवले होते आणि मी कंपनीची अब्रू झाकायला धावत होतो. नवऱ्याने मारलेल्या बाईने शेजारणीला ‘दाराला अडखळले’ असे सांगावे तसा.

नवे बियाणे रिसोडात घेणे शक्य नव्हते. तेथील प्रत्येक कृषी केंद्रवाला मला ओळखतो. म्हणून मी एसटीने थेट कारंज्याला गेलो, अनोळखी दुकानातून मिळेल ते बियाणे घेतले आणि परतीच्या गाडीत बसलो. पुढच्या बाकावर आमच्या कंपनीचा वजनकाट्यावरचा माणूस बसला होता. पायांशी तशीच थैली.

“काकाजी, इकडं कुठं जी?” तो म्हणाला.

“देवळे पाहायला आलो होतो.”

“थैली घेऊन?”

“थैली माझ्या साडूची आहे. आणि तुमची?”

त्याने खिडकीबाहेर पाहिले. “माह्या बी साडभावाचीच.”

तिकिटे फाडता फाडता वाहक थांबला. “दोघायचा साडभाऊ एकच हाये का हो? थैल्या तं एकाच दुकानातल्या दिसून राह्यल्या.”

मंगरुळपीर येण्याआधी आम्ही दोघांनी थैल्या आपापल्या बाकाखाली सारल्या. त्यानंतर तो हळूच म्हणाला, “काकाजी, तुमी मले पाह्यलं नाई, मी तुमाले पाह्यलं नाई.” हा तोंडी करार होता आणि आम्ही दोघांनी तो प्रामाणिकपणे पाळला. कंपनीत त्या हंगामात प्रामाणिकपणे पाळली गेलेली ती एकच गोष्ट असावी.

घरी आल्यावर मी कारंज्याचे बियाणे आमच्या कंपनीच्या रिकाम्या थैलीत ओतले, म्हणजे पेरायला येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यालाही कळू नये. बायकोने दाभणाने थैलीचे तोंड शिवले. “दोन वर्सं कायदा शिकून हेच शिकले का?” ती एवढेच म्हणाली. शिलाई मात्र सुरेख घातली.

नंतर समजले की असे आम्ही सात जण होतो: मोजणीच्या बाई सोडल्या तर घरची थैली पेरणारे सगळे. कोणी कोणाला विचारले नव्हते. सातांनी आपापल्या मनाने तोच गुन्हा त्याच पद्धतीने केला होता. कंपनीच्या प्रशिक्षण शिबिरांत ज्याला ‘एकसंध संघभावना’ म्हणत, ती हीच असावी.

तक्रारी वाढल्या तशी तालुक्याची समिती पाहणीला आली. व्यवस्थापकांनी तिला आधी कर्मचाऱ्यांची वावरे दाखवली. आमचे पीक वयाने थोडे लहान होते, परंतु हिरवे होते, आणि आमच्याजवळ कंपनीची थैली होती, लेबल होते, फलक होता. पुराव्याच्या दृष्टीने इतके निर्दोष वावर समितीने क्वचितच पाहिले असेल.

“हे याच मालाचे?” एका साहेबांनी मला विचारले.

“हो.”

“पेरणी कधीची?”

“वाफसा जरा उशिरा आला.”

समितीने जे पाहिले ते लिहिले. तिला मी दोष देत नाही. पंच म्हणून मी खाली सही केली. सहीखाली रेघ मारण्याची माझी जुनी सवय आहे, तीही मारली.

अखेरीस समिती मोजणीच्या बाईंच्या एकरभर वावरावर गेली. पंच म्हणून मला सोबत जावे लागले. त्यांच्या नवऱ्याने घरची थैली रीतीप्रमाणे पेरली होती, आणि तेथे तीच मावशीच्या दातांची अवस्था होती. त्यांनी काही झाकले नव्हते. एकेचाळीस मोजल्यावर एकेचाळीसच दिसणार, यात झाकण्यासारखे काय आहे, असे त्यांना वाटत असावे.

“साहेब, हेच बी हाये,” त्या म्हणाल्या. “परयोगशाळेत एकेचाळीस निंगालं होतं. इथं मी दहा तासं मोजली. हिशेब तोच येऊन राह्यला. तुमी बी मोजून पाहा.”

व्यवस्थापक समितीकडे वळले. “बाकी सगळ्या कर्मचाऱ्यांचे उगवले, यांचेच नाही. आता काय म्हणायचे, तुम्हीच पाहा.” आणि मग, फार मायेने, बाईंना: “ताई, खोल गेलं असेल.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. मी फाइलमध्ये पाहिले.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मला निलंबनाची नोटीस टाइप करायला दिली. मजकूर व्यवस्थापकांचा, भाषा माझी. ‘इतर सर्व कर्मचाऱ्यांच्या शेतांत याच बियाण्याची उगवण समाधानकारक असताना, आपण निष्काळजी मोजणी करून उगवणीचा चुकीचा आकडा बाहेर सांगितला व कंपनीच्या प्रतिमेस हानी पोहोचवली, सबब आम्ही आपणांस चौकशीअंती निर्णय होईपर्यंत निलंबित करीत आहोत.’ म्हणजे माझे एकरभर वावर आता त्यांच्याविरुद्ध साक्षीदार होते. ‘सबब’ हा शब्द मी स्वतःहून घातला. मला तो नेहमी आवडत आला आहे.

नोटीस हातात द्यायलाही मीच गेलो. बाईंचे घर माझ्या वाटेवर आहे. अंगणातल्या बाजेवर त्या परात घेऊन बसल्या होत्या. परातीत मुगाचे दाणे होते, आणि त्या ते निवडत नव्हत्या, मोजत होत्या. ओठ हलत होते. मी सवयीने थांबलो.

मोजणे संपल्यावर त्यांनी नोटीस घेतली आणि सावकाश वाचली.

“काकाजी, टायपिंग साफ हाये.”

“हो.”

“सातही जनायच्या वावरात उगवलं, नाई का?”

मी पोचपावती पुढे केली.

“मंग माहंच चुकलं असन. चार दिस झाले, मी रोज हे मूग मोजून राह्यली. शंभर काढून ठेवते, परत मोजते. कधी शंभर येते, कधी अठ्ठ्याण्णव.” त्या हसल्यासारख्या झाल्या. “वीस वर्सं मी लोकायले काय आकडे देल्ले असन जी? भेव वाटते आता.”

नोकरी जाण्याचे भय त्यांनी बोलून दाखवले नाही. बोलल्या त्या एवढेच. मला फक्त एक वाक्य म्हणायचे होते: बाई, माझ्या वावरात कारंज्याचे बियाणे आहे. पाच-सहा शब्द. रोज शंभर ओळी लिहिणाऱ्या माणसाला अवघड नव्हते. मी पाणी मागितले, प्यालो, पोचपावतीवर त्यांची सही घेतली आणि निघालो. सही त्यांनी फार जपून केली, जणू तीही चुकेल.

राखी पौर्णिमेच्या सुमारास पीक फुलावर आले. आमच्या कंपनीच्या वाणाला पांढरी फुले येतात. तालुक्यातील लहान पोरालाही हे ठाऊक आहे; आमच्या फलकावर तसे चित्रही आहे. पांढऱ्या फुलांच्या चित्राखाली माझे एकरभर वावर जांभळ्या फुलांनी भरून गेले. कारंज्याच्या दुकानात मी वाणाची चौकशी केलीच नव्हती. चोराला मापे घ्यायला वेळ नसतो. आणि सातही जणांनी त्याच दुकानात तीच घाई केली होती.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही सात जण गोदामामागच्या कडुलिंबाखाली प्रथमच एकत्र बसलो. डबे उघडले, पण जेवले कोणीच नाही.

“दोन दिस झाले, बायको अन् मी सकायी सकायी फुलं तोडून राह्यलो,” गोदामातला एक जण म्हणाला. “एकरभरातले किती तोडशीन? इकडून तोडलं की तिकडून येते.”

“बह्याडच हायेस. फूल तोडलं तं शेंग कुठून लागन?”

“शेंगीचं काय घेऊन बसला? अब्रू चालली इथं.”

“कोनाची?” वजनकाट्यावरच्याने विचारले.

“मी म्हनतो, गप राहा,” आमच्यातला सर्वांत जुना माणूस शेवटी म्हणाला. “कंपनी बुडली तं आपन कोन? गावात काय सांगशीन, कोन हाओत आपन? बाईचं होईन काहीतरी. माफी मागितली की घेतीन परत.”

“तिनं कायची माफी मागाची?”

“तेच तं. मागून टाकाची.”

याला मी तेथेच आक्षेप घ्यायला हवा होता. मी डबा बंद केला.

व्यवस्थापक आमच्यापेक्षा कल्पक निघाले. जमिनीतील क्षारांच्या प्रमाणामुळे फुलांच्या रंगात तात्पुरता फरक पडू शकतो, असे एक पत्रक त्यांनी तयार केले आणि माझ्याकडे टाइप करायला धाडले. मी संगणक बिघडल्याचे सांगितले. माझ्या बंडाची सुरुवात इतकी तेजस्वी होती.

बाईंनी ते पत्रक पाहिले नाही. त्यांनी फुले पाहिली. एका सकाळी मी वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभा असताना त्या रस्त्याने आल्या आणि फलकाखाली थांबल्या.

“काकाजी, आपल्या वानाले पांढरं फूल येते न?”

“हो.”

“हे जांभळं हाये.”

“हो.”

“बाकीच्यायच्या वावरात बी जांभळंच हाये. मी आता पाहतच आली.” त्यांचे ओठ हलले, बहुधा वावरे मोजली. “सात.”

“हो.”

“म्हंजे माहं एकेचाळीस बरोबर होतं.”

“बरोबर होते.”

मला शिव्या अपेक्षित होत्या. मी त्यांची तयारीही केली होती. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी पदराने कपाळ पुसले आणि म्हणाल्या, “इतलंच सांगा लागत होतं जी तुमाले. अंगनात आले होते तवा.” आणि गेल्या. मी आजवर अनेक नोटिसा दिल्या आणि काही घेतल्या. इतकी थोडक्यात काढलेली नोटीस माझ्या पाहण्यात नाही.

त्याच दिवशी मी अध्यक्षांना पहिले पत्र लिहिले. आवक नोंदवहीत ते मीच नोंदवले. दोन दिवसांनी ‘आपले पत्र मिळाले, नोंद घेतली’ असे उत्तर द्यायचे ठरले. ते मीच टाइप केले, जावक क्रमांक टाकला आणि माझ्या हाताने मलाच पोच दिली. दुसऱ्या पत्राचेही तेच झाले. तिसऱ्यानंतर व्यवस्थापकांनी मला आत बोलावले. “काका, तुम्ही आमच्यातलेच ना?” असे ते फार प्रेमाने म्हणाले, आणि एक छापील जबाब पुढे केला. त्यात लिहिले होते की माझ्या शेतात मी कंपनीचेच बियाणे पेरले व तेच उगवले. खाली सात जागा. सहा भरलेल्या होत्या.

मी सही केली नाही. हे शौर्य म्हणून नोंदवू नये. पेन खिशातच होते, आणि मी खाली वाकलोही होतो. मग ती ओळ पुन्हा वाचली. कर्ता ‘मी’ होता. सत्तावीस वर्षांत कंपनीच्या कागदावर ‘मी’ लिहिलेले मी प्रथमच पाहत होतो. खोटे बोलण्याची वेळ आल्यावरच त्यांनी मला तो शब्द दिला होता.

चौकशी पोळ्यानंतरच्या सोमवारी आहे. ती बंद खोलीत होणार आहे. आरोप व्यवस्थापकांचा, चौकशी अधिकारी व्यवस्थापक, आणि निर्णयाचा मसुदा व्यवस्थापकांच्या टेबलावर आधीच तयार आहे, कारण तो टाइप करायला मागच्या आठवड्यातच माझ्याकडे आला होता. नैसर्गिक न्यायाचे पहिले तत्त्व असे की कोणीही स्वतःच्या दाव्यात स्वतः न्यायाधीश होऊ नये. हे तत्त्व पहिल्याच वर्षाला शिकवतात, त्यामुळे तेवढे मला पक्के येते.

तरी मी येथे, चौकशीच्या खोलीबाहेर, लिहून देतो: माझ्या एकरभर वावरात जे उभे आहे ते कंपनीचे बियाणे नाही. कंपनीचे बियाणे उगवले नाही. दुसरे मी कारंज्याहून आणले आणि कंपनीच्या थैलीत भरून पेरले. पंचनाम्यावरील माझी सही खोट्या माहितीवर आहे आणि त्याबद्दल कायद्यात जी शिक्षा असेल ती मला मान्य आहे. इतर सहा जणांची नावे मी घेणार नाही. त्यांची वावरे रस्त्यालाच लागून आहेत आणि फुले अद्याप गळालेली नाहीत.

आता अध्यक्षांना. आपण प्रत्येक अक्षय तृतीयेला गोदामात उभे राहून सांगता की कंपनी म्हणजे कुटुंब. त्या कुटुंबातील एक बाई परातीत मूग मोजत बसली होती, कारण आपण तिला पटवून दिले होते की तिला मोजता येत नाही. पत्रक नको, प्रतिनिधी नको, ‘नोंद घेतली’ नको. सोमवारी आपण स्वतः फाटकाबाहेर या, जेथे ज्यांची वावरे उघडी पडली ते शेतकरी उभे असतील, आणि त्या बाईंना समोर उभे करून, सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगा: ती फेरचाचणी कोणी केली, दाणे कोणत्या दिवशी ओल्या कागदावर ठेवले, आणि एक्क्याऐंशी कोणी मोजले? त्या माणसाचे नाव घ्या. नाव नसेल, तर मोजणारीण एकच होती आणि तिने एकेचाळीस मोजले होते, हे तिच्या तोंडावर, तेथेच, आपल्या तोंडाने कबूल करा.